फेब्रुवारीत फिसकटलं, एप्रिलमध्ये जमलं: झेंग यी साओची शरणागती, १८१०

२० एप्रिल १८१० रोजी मकावजवळच्या फुरोंगशा इथे दक्षिण चीनच्या समुद्रातल्या सगळ्यात जबरदस्त चाच्यांनी शस्त्रं खाली ठेवली. सरकारी मोजदाद अशी: माणसं १७,३१८, जहाजं २२६, तोफा १,३१५, इतर हत्यारं २,७९८. एखाद्या राज्याचं आरमार शरण आलं असावं असे हे आकडे. त्यांतली चोवीस जहाजं आणि १,४३३ माणसं थेट एका पस्तिशीतल्या विधवेच्या हुकमतीखाली होती. बाकीच्या ताफ्यावर नाव दुसऱ्याचं, पण शब्द तिचाच चालायचा.

या प्रकरणातला खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. दोनच महिने आधी, २१ फेब्रुवारीला, याच लोकांची चीन सरकारच्या याच गव्हर्नर-जनरलशी, बायलिंगशी, याच विषयावर बोलणी झाली होती आणि ती फिसकटली होती. मधल्या काळात पारडं एकीकडे झुकावं अशी लढाई झाली नाही. मग एप्रिलमध्ये नेमकं काय बदललं?

बाई कोण होती

इतिहास तिला झेंग यी साओ म्हणतो, म्हणजे झेंग यीची बायको. तिचं स्वतःचं नाव शी यांग. जन्म १७७५ च्या सुमाराचा, ग्वांगदोंग प्रांतातला. १८०१ मध्ये झेंग यीशी लग्न झालं तेव्हा ती कँटनच्या (आजच्या ग्वांगझोऊच्या) बाजूला वेश्याव्यवसायात होती असं सांगतात. झेंग यीचं घराणं चाचेगिरीतच मुरलेलं. शेजारच्या व्हिएतनाममध्ये तायसन राजवटीने अशा चिनी चाच्यांना हाताशी धरलं होतं. पदव्या द्यायच्या, बंदरात आसरा द्यायचा, बदल्यात लढाया करून घ्यायच्या. १८०२ मध्ये ती राजवट बुडाली आणि ही सगळी मंडळी आश्रयदाता गमावून चीनच्या किनाऱ्यावर परतली. आल्या आल्या आपसात भांडू लागली.

नवरा-बायकोने मिळून ही भांडणं मिटवली. १८०५ मध्ये टोळ्यांच्या प्रमुखांनी रीतसर लेखी करार केला आणि लाल, काळा, पांढरा, निळा, पिवळा, हिरवा अशा सहा निशाणांचे सहा ताफे ठरले. लाल निशाण झेंग यीचं, काळं ग्वो पोदायचं. सगळ्यांची मिळून माणसं ५०,००० ते ७०,००० होती असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इंटरनेटवर फिरणारे याहून मोठे आकडे मी तरी जपूनच घेतो. समुद्रावरच्या टोळीची शिरगणती कुणी केली होती?

नोव्हेंबर १८०७ मध्ये झेंग यी गेला. पदरात दोन मुलगे, धाकटा त्याच वर्षी जन्मलेला. अशा वेळी टोळी फुटते, हा जगभरचा अनुभव. बाईने आधी नवऱ्याच्या भाऊबंदांना, पुतण्याला आणि चुलत घरातल्या मुलाला, आपल्या बाजूला घेतलं. मग लाल ताफ्याची सरदारी झांग बाओला दिली. हा झांग बाओ कोळ्याचा पोर. पंधराव्या वर्षी झेंग यीने त्याला पकडून आणलेलं, पुढे मुलगा मानलेलं. रक्ताचा वारस नाही, स्वतःचा गोतावळा नाही. त्याची सगळी पत या घराण्यावर उभी. ती निवड मला या बाईच्या साऱ्या कारकिर्दीतली सगळ्यात चतुर वाटते. थोड्याच दिवसांत तो तिचा प्रियकर झाला, पुढे नवरा. १८३० साली कँटनमध्ये छापलेल्या एका चिनी इतिवृत्तात नमूद आहे की झांग बाओ तिला विचारल्याशिवाय कुठलंही काम हाती घेत नसे.

हिशेब आणि हुकूम

लूट आली की आधी तिची नोंद व्हायची. दहातले दोन भाग पकडणाऱ्याला, आठ भाग सामाईक कोठारात. कोठारातून परस्पर काही उचललं तर मृत्यू. परवानगीशिवाय किनाऱ्यावर गेला तर कान छेदायचे. पुन्हा गेला तर मृत्यू. ताफ्याला धान्य-भाजी पुरवणाऱ्या गावकऱ्यांना लुबाडलं तरी शिक्षा कडक, कारण तो पुरवठा थांबला तर हजारो माणसं खाणार काय?

हे नियम तिने घातले असं सर्रास लिहिलं जातं. ते चिनी इतिवृत्त त्यांचं श्रेय झांग बाओला देतं. आणि बंदिवान स्त्रियांना संरक्षण देणारा जो नियम कौतुकाने सांगितला जातो, तो मुळात वाचला की कौतुक आटतं. पळवून आणलेल्या बाईवर कुणी मनमानी करायची नाही, आधी जहाजाच्या हिशेबनिसाची परवानगी घ्यायची, परवानगीविना जबरदस्ती केली तर देहदंड. म्हणजे मनाई परवानगी न घेण्याला होती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजावरचा रिचर्ड ग्लासपूल नावाचा अधिकारी २१ सप्टेंबर १८०९ ला या लोकांच्या हाती सापडला आणि डिसेंबरात सुटला. त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं आहे. एका गावातून अडीचशेच्या आसपास बायका आणि काही मुलं धरून आणली. पाय बांधून लहान केलेले असल्याने त्यांना पळता आलं नाही. शंभरेक जणींना घरच्यांनी खंडणी देऊन सोडवलं. उरलेल्यांना खलाशांना चाळीस डॉलरला एक अशा भावाने विकलं. विकत घेणारा तिचा कायदेशीर नवरा ठरायचा आणि पुढे तिला टाकलं तर त्याला मरण. काही जणींनी समुद्रात उड्या टाकून जीव दिला. या टोळीची कर्तीधर्ती एक बाई होती, ही गोष्ट त्या चाळीस डॉलरच्या भावाशेजारी ठेवूनच वाचायला हवी.

त्याच ग्लासपूलने जहाजावरचं रोजचं जगणंही टिपलं आहे. प्रत्येक खलाशाला चार फूट लांब-रुंद जागा, आणि त्यातच बायको-पोरांसह संसार. म्हणजे बायका जहाजावर असणं हे इथे नवल नव्हतं. दक्षिण चीनच्या पाण्यावर राहणाऱ्या लोकांत बाई वल्हं मारायची, जाळं ओढायची. युरोपी जहाजावर पुरुषाचा वेश करून चढणाऱ्या बाईची गोष्ट इथे लागूच पडत नाही. लढाईत सरदाराची बायको ग्लासपूलच्या अंगावर लसणाचं पाणी शिंपडायची. त्याने गोळी लागत नाही अशी समजूत होती. त्याच्या सुटकेसाठी जी खंडणी ठरली तीत तांबड्या उंची बनातीच्या दोन गाठी, अफूच्या दोन पेट्या, बंदुकीच्या दारूची दोन पिंपं आणि एक दुर्बीण होती, बाकी रोख. यादीवरून कळतं की यांना काय हवं आणि ते बाजारात कुठे मिळतं याची चांगली माहिती होती.

पण पोट भरायचं ते लुटीवर कमी आणि परवान्यांवर जास्त. मिठाची गलबतं, मासेमारी होड्या, किनाऱ्याचा व्यापार, सगळ्यांनी पैसे भरून कागद घ्यायचा आणि कागद दाखवला की सुखरूप जायचं. आंग्र्यांचं दस्तक ज्याला ठाऊक आहे त्याला ही रीत वेगळी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की आंग्र्यांच्या मागे छत्रपतींचं राज्य होतं. इंग्रज त्यांना चाचे म्हणोत बापडे. इथे मागे राज्य नव्हतं.

१८०९: दोन्ही बाजूंचा श्वास कोंडला

त्या वर्षी बायलिंग ग्वांगदोंग-ग्वांगशीचा गव्हर्नर-जनरल म्हणून आला. त्याने मिठाची वाहतूक समुद्रावरून काढून खुश्कीच्या मार्गाने वळवली, जहाजांना बाहेर पडायला बंदी केली, किनाऱ्यावरून चाच्यांकडे जाणारा दाणागोटा तोडला. परवाना घेणारी गलबतंच समुद्रात नाहीत म्हटल्यावर चाचे नद्यांमधून आत घुसले आणि पर्ल नदीच्या खोऱ्यातली गावं जाळत सुटले. ग्लासपूलने पाहिलेली गावं ती हीच. नाकेबंदीचा भुर्दंड असा गावकऱ्यांनी भरला.

नोव्हेंबरात लांताव बेटावरच्या तुंग चुंगच्या खाडीत लाल ताफा अडकला. बाहेर चिनी सरकारी आरमार, सोबत मकावच्या पोर्तुगीजांची जहाजं. हे मकाव त्या काळी गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होतं. तिथला न्यायाधीश मिगेल द आर्रियागा हा या प्रकरणातला चौथा महत्त्वाचा माणूस. सरकारने पेटती जहाजं वाऱ्यावर सोडून ताफा जाळायचा बेत केला. चाच्यांनी ती लांब काठ्यांनी ढकलली, ओढून किनाऱ्याला लावली, आग विझवली आणि फोडून सरपण केलं. पुढे वारा फिरला तशी आग उलट सरकारी जहाजांकडे गेली. महिन्याच्या अखेरीस ताफा वेढा फोडून निघून गेला.

लढाई म्हणून हा चाच्यांचा विजय. पण कोंडी झाली तेव्हा झांग बाओने काळ्या निशाणाच्या ग्वो पोदायला मदतीला बोलावलं होतं, आणि तो आला नाही. मागे जुना मत्सर होता. काही जण म्हणतात बाईवरूनच होता. वेढ्यातून सुटल्यावर दोघांची लढाई जुंपली, आणि जानेवारी १८१० मध्ये ग्वो पाच हजारांवर माणसं घेऊन सरकारला शरण गेला. त्याला लष्करात हुद्दा मिळाला, मान मिळाला, डोकं धडावर राहिलं. सहा निशाणांचा करार तिथेच मोडला. शिवाय सरकार दिलेला शब्द पाळतं, याचा चालताबोलता दाखला आता सगळ्यांसमोर होता. आपण ग्वोपेक्षा दसपट बलवान, मग आपल्याला याहून चांगलं का मिळू नये, असा हिशेब लाल ताफ्यात सुरू झाला.

बायलिंगचे हातही मोकळे नव्हते. १८०५ मध्ये त्याच्या आधीच्या नायानचेंग या गव्हर्नर-जनरलने चाच्यांना माफी देऊन हुद्दे आणि बक्षिसं वाटली होती. ज्याचिंग सम्राटाला ती उदारता रुचली नाही. नायानचेंगचं पद गेलं. म्हणजे माफी द्यायला हरकत नव्हती, पण खिरापत वाटल्यासारखी दिसली तर देणाऱ्याची खुर्ची जाणार. दुसरीकडे, आरमाराच्या जोरावर हे काम होत नाही हे तुंग चुंगला दिसलंच होतं.

फेब्रुवारीची भेट

मकावमधल्या झोउ नावाच्या एका वैद्याने मध्यस्थी केली, आर्रियागानेही केली. ठिकाण ठरलं पर्ल नदीचं मुख, ज्याला युरोपी लोक बोका टिग्रिस म्हणत. बायलिंग मोठं सैन्य न घेता आला. समोर निशाणं फडकवत लाल ताफा. सलामीच्या तोफा झाल्या, झांग बाओ आणि बाई बायलिंगच्या जहाजावर गेले, नमस्कार-चमत्कार झाले.

घोडं अडलं जहाजांवर. चाच्यांना माफी हवी होती, पण ताफ्यातली ऐंशी जहाजं आणि पाच हजार माणसं आपल्याकडे ठेवून, शिवाय मिठाच्या धंद्याला आणखी चाळीस. बायलिंगला सगळी जहाजं हवी होती. त्याच्या जागी कुणीही तेच मागितलं असतं. ऐंशी जहाजांचा माफ केलेला चाचा हा परवानाधारक चाचाच.

विचार करायला मुदत दिली गेली. तेवढ्यात नदीच्या मुखातून ईस्ट इंडिया कंपनीची दहा मोठी व्यापारी जहाजं वर यायला लागली. ती नेहमीसारखी कँटनच्या व्यापाराला निघाली होती. मुंबईचा कापूसही याच वाटेने चीनला जात असे. पण चाच्यांना दिसलं ते एवढंच: सरकारचा मोठा अधिकारी समोर गोड बोलतोय आणि पाठीमागून तोफांची दहा जहाजं रांगेने येतायत. दगा, असं समजून ताफा शिडं उभारून निघून गेला.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजू सशस्त्र, पाणी अरुंद, आणि प्रत्येकाकडे समोरच्याने फसवलं तर मरण अशी अवस्था. तिथे दहा जहाजं काय, दोन आली असती तरी हेच झालं असतं. अटींवरचं भांडण सुटू शकलं असतं. भेटीची जागा आणि रीतच अशी होती की विश्वासाला थारा नव्हता.

एप्रिलमध्ये तिने काय केलं

ती स्वतः कँटनला गेली. एप्रिलच्या मध्याला, निःशस्त्र, सोबत सतरा बायका आणि मुलं. गव्हर्नर-जनरलच्या कचेरीत जाऊन बसली.

ताफ्यातल्या लोकांनी तिला अडवायचा प्रयत्न केला होता. चिनी इतिवृत्त तिचं उत्तर देतं, त्याचा आशय असा: एवढा मोठा अधिकारी एकटा आपल्याकडे येऊ शकतो, तर मी साधी बाई त्याच्याकडे का जाऊ नये? धोका असेल तर तो माझ्या एकटीचा. हे उद्गार शब्दशः तिचेच असतील असं मी धरून चालत नाही. इतिवृत्तकार असे संवाद रचतातच. पण कृती घडली, आणि तीच महत्त्वाची.

तिने काय साधलं ते व्यवहाराच्या नजरेने पाहू. ती आणि मुलं हाती आल्यावर बायलिंगला ताफ्याकडून दग्याची भीती उरली नाही. ओलीस आपणहून दारात आले होते. उलट त्याने तिला हात लावला असता, तर समुद्रावर झांग बाओ सगळ्या तोफांसकट मोकळा होता, आणि सरकारच्या शब्दावर पुन्हा कुणी चाचा शरण आला नसता. म्हणजे ती त्याच्या ताब्यात होती आणि तोही तिच्या. शिवाय पुरुष सरदार कचेरीत आला असता तर शरण आलेला शत्रू दिसला असता, त्याला वाकवणं भाग पडलं असतं. बायकामुलं घेऊन आलेली विधवा दयेची याचना करते आहे, हे चित्र बायलिंगला दरबारात दाखवायला सोयीचं होतं. त्याच्या खुर्चीला धक्का न लागता त्याला उदार होता येत होतं. तिने याचनेचा पेहराव करून सौदा केला, असं माझं मत.

फेब्रुवारीतली मुख्य अट तिने सोडली. ऐंशी अधिक चाळीसचा हट्ट गेला. वीस-तीस जहाजांचा ताफा झांग बाओकडे राहिला, तो सरकारी नोकरीत राहून वापरायचा. त्याला लेफ्टनंटच्या बरोबरीचा हुद्दा. जमवलेली माया जवळ ठेवायची मुभा. ज्यांना लष्करात यायचं त्यांना भरती, ज्यांना घरी जायचं त्यांना वाट मोकळी. दोनेक दिवसांत फुरोंगशाला शस्त्रं खाली ठेवली गेली, आणि माणसांना डुकराचं मांस, दारू आणि हातात थोडे पैसे देऊन बोळवण झाली.

सगळ्यांना मात्र ही वाट मिळाली नाही. १२६ जणांना देहान्त शिक्षा झाली, १५१ कायमचे हद्दपार, ६० दोन वर्षांसाठी. सतरा हजारांतले ३३७. सम्राटाला दाखवायला काही डोकी लागणारच होती, ती ही. कुणाची द्यायची हे कसं ठरलं, हा या सौद्यातला सगळ्यात अंधारा भाग, आणि बाईला शाबासकी देणाऱ्या लेखांत तो हमखास गाळलेला असतो.

बायलिंगपुरतं म्हणाल तर सुंठेवाचून खोकला गेला. पुढची पायरी त्याने लगेच उचलली: झांग बाओलाच निळ्या निशाणाच्या वू शिअरवर सोडलं. जुन्या कराराचा एक भागीदार दुसऱ्याची शिकार करायला निघाला. वू शिअर त्याच वर्षी पकडला गेला आणि सहा निशाणांचा बाजार उठला.

पुढचं आयुष्य

झांग बाओ हुद्द्यांच्या पायऱ्या चढत गेला, शेवटी तैवानजवळच्या पेंघू बेटांवर नेमणूक झाली. १८१३ मध्ये दोघांना मुलगा झाला. जुना चाचा एवढा वर जातो हे सगळ्यांना पटत होतं असं नाही. पुढे अफूच्या पेट्या नष्ट करून जगभर गाजलेला लिन झेशू १८२० मध्ये एक तरुण अधिकारी होता. त्याने सम्राटाकडे अर्ज करून झांग बाओच्या बढत्यांना हरकत घेतली, आणि पुनर्विवाह केलेल्या बाईला अधिकाऱ्याच्या पत्नीचा सन्मान कसा देता, असाही मुद्दा काढला. चाचेगिरी माफ झाली होती, पण दुसरं लग्न कागदोपत्री खुपत होतं.

१८२२ मध्ये झांग बाओ वारला. ती दुसऱ्यांदा विधवा झाली आणि काही काळाने ग्वांगदोंगला परतली, जुगाराचा अड्डा चालवू लागली. १८४० मध्ये, म्हणजे वयाच्या पासष्टीच्या आसपास, तिने पुन्हा सरकारी कचेरी गाठली. तक्रार अशी, की झांग बाओने १८१० मध्ये जमीनजुमला घेण्यासाठी एका अधिकाऱ्याकडे २८,००० तेल चांदी दिली होती आणि त्याने ती गिळंकृत केली. तेल हे चांदीचं चिनी वजन, साधारण तीन तोळ्यांच्या वरचं. म्हणजे रक्कम अवाढव्य होती. शरणागतीच्याच वर्षी दिलेले पैसे तीस वर्षांनी परत मागायला ती आली होती. तक्रार फेटाळली गेली. १८४४ मध्ये ती वारली.